आवडणारा कोण? आंबा!

परकी भाषा शिकायला बसलेला माणूस पहिल्या आठवड्यात नाव-गाव सांगायला शिकतो आणि दुसऱ्या आठवड्यात आवडीनिवडी. चहा आवडतो की कॉफी, क्रिकेट आवडते की बुद्धिबळ, एवढे सांगता आले की गप्पांना सुरुवात होते. स्पॅनिश भाषेत मात्र नेमक्या याच ठिकाणी भल्याभल्यांची गाडी अडते. 'आवडणे' या अर्थी तिथे रोजच्या वापरात असलेले क्रियापद आहे 'गुस्तार', आणि ते इंग्रजीच्या चालीने चालत नाही. वर्षभर वर्गाला जाऊन, प्रमाणपत्र हातात पडूनही घाईत बोलताना चूक होते ती याच क्रियापदाची.

स्पॅनिश ही सुमारे २० देशांची राजभाषा आहे. ती मातृभाषा म्हणून बोलणाऱ्यांची संख्या ४५ कोटींहून अधिक आहे. स्पेनपेक्षा कितीतरी जास्त माणसे ती मेक्सिको, कोलंबिया, आर्जेंटिना, पेरू या देशांत बोलतात. भारतातही हल्ली शाळा-महाविद्यालयांतून ती शिकवली जाते. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात तिचा स्वतंत्र अभ्यास होतो. स्पेन सरकारने १९९१ साली स्थापन केलेल्या सेर्वांतेस संस्थेचे केंद्रही २००९ पासून दिल्लीत आहे. या संस्थेची 'देले' नावाची परीक्षा सहा पातळ्यांची असते आणि आवडीनिवडी सांगता येणे ही त्यातल्या अगदी पहिल्या पातळीची अपेक्षा आहे.

भाषांतर, पर्यटन, निर्यात, परदेशी ग्राहकांशी बोलण्याची कामे यांसाठी अनेक मराठी मुले-मुली या भाषेकडे वळतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात एक धास्ती असते. वर्ग इंग्रजीतून, पुस्तके इंग्रजीतून, शब्दकोशही इंग्रजीचा. ज्याचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले, त्याला वाटते, 'आपले इंग्रजीच जेमतेम, मग स्पॅनिश कुठून येणार?' घरची मंडळीही कधी कधी हेच बोलून दाखवतात. 'गुस्तार' हे क्रियापद या धास्तीला चांगले उत्तर देते. इथे मराठी माणसाला इंग्रजीच्या दारातून आत शिरण्याची गरजच नाही. त्याच्या घराचे दार थेट त्या अंगणात उघडते.

चूक होते कुठे?

इंग्रजीत आवडणाऱ्या गोष्टीबद्दल बोलताना वाक्याची सुरुवात 'मी'ने होते. मी हा कर्ता, आवडणे ही त्याने केलेली क्रिया आणि आंबा हे कर्म. आंबा खाणे, आंबा विकत घेणे आणि आंबा आवडणे या तिन्ही वाक्यांचा साचा इंग्रजीत एकच. त्यामुळे इंग्रजीतून विचार करणारा विद्यार्थी स्पॅनिशमध्येही 'मी'साठी 'यो' घेतो, क्रियापदाचे 'मी'शी जुळणारे रूप 'गुस्तो' घेतो आणि म्हणतो, 'यो गुस्तो एल मांगो.' ऐकणारा स्पॅनिश माणूस सभ्यपणे हसतो. त्याच्या कानावर जे पडले, ते साधारण 'मी आवडतो आंबा' असे असते.

बरोबर वाक्य आहे, 'मे गुस्ता एल मांगो.' यातल्या 'मे'चा अर्थ 'मी' नव्हे, 'मला'. 'गुस्ता' म्हणजे आवडतो. 'एल मांगो' म्हणजे आंबा. मला आवडतो आंबा! शब्दांचा क्रम सोडला तर हे वाक्य शब्दाला शब्द मराठी आहे.

शाळेतल्या व्याकरणाच्या तासाला कर्ता ओळखण्याची एक युक्ती शिकवतात. क्रियापदाच्या धातूला 'णारा' जोडायचा आणि 'कोण?' असे विचारायचे. 'मला आंबा आवडतो' या वाक्यात आवडणारा कोण? आंबा! मग 'मला' काय? ती 'स, ला, ते' या प्रत्ययांची आपली ओळखीची चतुर्थी विभक्ती. ज्याला काही द्यायचे, ज्याच्यापर्यंत काही पोहोचते, त्याची विभक्ती. आवड माणसापर्यंत पोहोचते, ती पोहोचवणारा आंबा. स्पॅनिशमध्येही हिशेब असाच आहे. इंग्रजी माध्यमातला विद्यार्थी हे सूत्र महिनाभर घोकतो. मराठी मुलाने ते दोन-अडीच वर्षांचा असतानाच आत्मसात केलेले असते, फक्त त्याला कुणी तसे सांगितलेले नसते.

एक आंबा, अनेक आंबे

कर्ता आंबा आहे हे एकदा पटले की पुढची पायरी आपोआप चढता येते. क्रियापद आंब्याशी जुळते, खाणाऱ्याशी नाही. मराठीत एक आंबा असेल तर 'आवडतो' आणि पुष्कळ असतील तर 'आवडतात'. स्पॅनिशमध्ये एक असेल तर 'गुस्ता', पुष्कळ असतील तर 'गुस्तान'.

मे गुस्ता एल मांगो. मला आंबा आवडतो.
मे गुस्तान लोस मांगोस. मला आंबे आवडतात.

खाणारे दहा असोत की शंभर, आंबा एक असला तर 'गुस्ता'च. 'आम्हाला आंबा आवडतो' याचे स्पॅनिश 'नोस गुस्ता एल मांगो'. 'नोस' म्हणजे आम्हाला किंवा आपल्याला. इंग्रजीच्या सवयीचा विद्यार्थी 'आम्ही' अनेक म्हणून क्रियापदही अनेकवचनी करून टाकतो. मराठी माणूस 'आम्हाला आंबा आवडतात' असे कधी म्हणेल का? मग स्पॅनिशमध्ये तरी का म्हणावे?

एका बाबतीत स्पॅनिश मराठीपेक्षाही सोपी आहे. मराठीत आंबा आवडतो, चिंच आवडते, केळे आवडते. नामाचे लिंग बदलले की क्रियापद बदलते. स्पॅनिशमध्ये 'गुस्ता' तिन्हींना चालते. अमराठी माणसाला मराठी शिकताना इथे जो घाम फुटतो, तो स्पॅनिश शिकणाऱ्याला फुटत नाही.

वस्तूऐवजी एखादी क्रिया आवडत असेल तर? 'मला गायला आवडते' हे 'मे गुस्ता कांतार'. 'मला गायला आणि नाचायला आवडते' हे 'मे गुस्ता कांतार इ बाइलार'. क्रिया दोन झाल्या तरी 'गुस्ता' एकवचनीच राहिले. हा नियम पुस्तकात वेगळ्या चौकटीत छापतात. पण मराठीत तरी 'मला गायला आणि नाचायला आवडतात' असे कोण म्हणतो? कानाने आधीच निकाल दिलेला असतो.

सर्वांत गमतीची जागा आहे ती होकाराची. कुणी म्हणाले, 'मला पाऊस आवडतो,' तर दुसरा मराठी माणूस 'मलाही' म्हणतो, 'मीही' म्हणत नाही. स्पॅनिशमध्ये याला 'आ मी तांबिएन' म्हणतात. शब्दशः 'मलाही'. आवडत नसेल आणि त्यावर सहमती दाखवायची असेल तर 'आ मी ताम्पोको', म्हणजे 'मलाही नाही'. इंग्रजीच्या वळणाने गेलेले विद्यार्थी इथे 'यो तांबिएन', म्हणजे 'मीही', असे हमखास बोलून जातात.

जिथे 'मला' दोनदा येते

आता मराठीची वाट थोडी अरुंद होते, तिथे जपून चालावे. 'आईला चहा आवडतो' हे वाक्य मराठीत 'आईला' म्हटले की पुरे होते. स्पॅनिशमध्ये 'आईला' सांगून झाल्यावर पुन्हा 'तिला' हेही सांगावे लागते. 'आ मी माद्रे ले गुस्ता एल ते.' म्हणजे 'माझ्या आईला, तिला आवडतो चहा.' यातला 'आ' हा आपल्या 'ला' प्रत्ययाचे काम करतो, फक्त तो नामाच्या पुढे उभा राहतो. 'ले' म्हणजे त्याला किंवा तिला. माणसे अनेक असतील तर 'लेस'. 'आ मिस पाद्रेस लेस गुस्ता एल ते', माझ्या आईवडिलांना चहा आवडतो.

मराठी विद्यार्थ्याच्या दोन नेहमीच्या चुका इथल्याच. एक तर तो सुरुवातीचा 'आ' विसरतो, किंवा 'ले' गाळतो. कारण उघड आहे. मराठीत एका 'ला'वर भागते, दोनदा सांगणे त्याला पाल्हाळ वाटते. उपाय एकच. 'ले' आणि 'लेस' यांना सर्वनाम न समजता क्रियापदाला चिकटलेला भाग समजावे. नुसते 'गुस्ता' तोंडातून बाहेर पडूच द्यायचे नाही. मे गुस्ता, ते गुस्ता, ले गुस्ता, नोस गुस्ता, ओस गुस्ता, लेस गुस्ता. पाढ्यासारखे म्हणावे. 'मला, तुला, त्याला, आम्हाला, तुम्हाला, त्यांना' असा हा क्रम आहे. यातला पाचवा 'ओस' स्पेनमध्येच चालतो. लॅटिन अमेरिकेत 'तुम्हा सगळ्यांना' यासाठी 'लेस'च वापरतात.

मानापमान जपणाऱ्या मराठी माणसाला आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. बरोबरीच्या मित्राला विचारायचे तर 'ते गुस्ता?', म्हणजे 'तुला आवडते का?'. वडीलधाऱ्या व्यक्तीला विचारायचे तर 'ले गुस्ता?', म्हणजे 'आपल्याला आवडते का?'. 'ले' हा शब्द 'त्याला', 'तिला' आणि आदरार्थी 'आपल्याला' अशी तिन्ही कामे करतो. संदर्भाने अर्थ कळतो, नाहीतर 'आ उस्तेद' असे आधी जोडून तो स्पष्ट करतात.

दुसरी अडचण 'एल' आणि 'ला' या उपपदांची. मराठीत उपपदे नाहीत, म्हणून विद्यार्थी 'मे गुस्ता काफे' म्हणून मोकळा होतो. ते चूक आहे. एखादी गोष्ट सर्वसाधारणपणे आवडते असे सांगताना स्पॅनिशमध्ये उपपद लागते. 'मे गुस्ता एल काफे.' 'मे गुस्ता ला मूसिका.' इथे ना मराठी मदतीला येते ना इंग्रजी. नाम पाठ करतानाच त्याचे उपपद सोबत पाठ करणे एवढाच मार्ग आहे.

आवडायचे आणि आवडले

भूतकाळात मराठी पुन्हा हात देते. 'लहानपणी मला दूध आवडायचे' आणि 'काल मला तो चित्रपट आवडला' या दोन वाक्यांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पहिल्यात जुनी सवय आहे, दुसऱ्यात एकदा घडून गेलेली गोष्ट. इंग्रजीत दोन्हींसाठी बहुधा एकच रूप वापरतात, त्यामुळे स्पॅनिशमधले दोन भूतकाळ तिथल्या विद्यार्थ्यांना छळतात. मराठीच्या कानाला हिशेब सोपा आहे. 'आवडायचे' असेल तर 'गुस्ताबा', 'आवडला, आवडली, आवडले' असेल तर 'गुस्तो'. या 'गुस्तो'चा उच्चार करताना जोर शेवटच्या 'तो'वर द्यायचा, कारण पहिल्या अक्षरावर जोर दिला तर त्याचा अर्थ 'मी आवडतो' असा होतो. अनेक गोष्टी आवडल्या तर 'गुस्तारोन'.

'मला आवडेल' या अर्थी 'मे गुस्तारिया' म्हणतात. 'मे गुस्तारिया इर आ एस्पान्या', मला स्पेनला जायला आवडेल. हॉटेलात कॉफी मागतानाही 'मे गुस्तारिया' म्हटले की मागणीला आर्जव येते. मराठीतही 'मला यायचेय' आणि 'मला यायला आवडेल' यांत जो नरमपणाचा फरक आहे, तोच इथे आहे.

गुस्तारची भावंडे

एकट्या 'गुस्तार'साठी एवढा खटाटोप कशाला, असे कुणाला वाटेल. पण ही एक किल्ली हाती आली की एकाच वेळी अनेक कुलपे उघडतात. याच साच्यात चालणारी क्रियापदे स्पॅनिशमध्ये बरीच आहेत.

'पारेसेर' हे त्यांपैकी एक. 'मे पारेसे के' म्हणजे 'मला वाटते की'. दिवसातून पन्नास वेळा लागणारा हा शब्दप्रयोग मराठीत जसा 'मला'ने सुरू होतो, तसाच स्पॅनिशमध्येही. 'इंतेरेसार' म्हणजे एखाद्या गोष्टीत रस वाटणे. 'फाल्तार' म्हणजे कमी पडणे. 'मे फाल्तान दोस लिब्रोस', मला दोन पुस्तके कमी पडतात. 'एनकांतार' म्हणजे अतिशय आवडणे. त्यात 'अतिशय' आधीच सामावलेले असल्यामुळे त्याला वर आणखी 'मूचो', म्हणजे 'खूप', लावत नाहीत.

'दोलेर' म्हणजे दुखणे. 'मे दुएले ला काबेसा', डोके दुखते. 'मे दुएलेन लोस पिएस', पाय दुखतात. डोके एक म्हणून 'दुएले', पाय दोन म्हणून 'दुएलेन', हे आपल्यासारखेच. फरक एवढाच की आपण 'माझे डोके' म्हणतो आणि स्पॅनिश माणूस 'मला ते डोके दुखते' अशा धर्तीवर बोलतो. परदेशात डॉक्टरसमोर बसल्यावर हे वाक्य बरोबर येणे किती महत्त्वाचे आहे, ते वेगळे सांगायला नको.

प्रत्येक 'मला' म्हणजे 'मे' नव्हे

इथवर वाचून एखाद्याचा उत्साह नको इतका वाढण्याचा धोका आहे. मराठीत 'मला'ने सुरू होणारी वाक्ये फार. मला भूक लागते, थंडी वाजते, झोप येते, भीती वाटते. मला पाहिजे, मला माहीत आहे, मला पोहता येते. या सगळ्या ठिकाणी 'मे' घालत सुटले तर फजिती ठरलेली.

भूक, तहान, थंडी, झोप आणि भीती या गोष्टी स्पॅनिश माणूस जवळ बाळगतो. 'तेनेर' म्हणजे जवळ असणे, त्याचे 'मी'चे रूप 'तेंगो'. 'तेंगो आंब्रे' म्हणजे मला भूक लागली आहे. 'तेंगो फ्रिओ' म्हणजे मला थंडी वाजते. वयदेखील त्याच्यापाशी असते. 'तेंगो वेइन्ते आन्योस', म्हणजे मी वीस वर्षांचा आहे. 'मला दोन बहिणी आहेत' हेसुद्धा 'तेंगो दोस एर्मानास'.

'मला पाहिजे' याचे 'किएरो', 'मला माहीत आहे' याचे 'से' आणि 'मला पोहता येते' याचे 'से नादार'. या तिन्हींमध्ये बोलणारा 'मी' सरळ कर्ता आहे. तेव्हा नियम असा करावा की नवे क्रियापद शिकताना ते 'आवडणे' गटातले की 'खाणे' गटातले, हे वहीत शेजारी लिहून ठेवायचे. मातृभाषा दिव्यासारखी हाती धरावी, पण पाऊल टाकताना खाली पाहावेच.

माणसांबद्दल बोलताना

'तू मला आवडतोस' किंवा 'तू मला आवडतेस' या मराठी वाक्याचा रोख कुणाला समजावून सांगावा लागत नाही. स्पॅनिशमध्येही 'मे गुस्तास' म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात तोच अर्थ येतो. तेव्हा नव्या कार्यालयातल्या सहकाऱ्याचे किंवा शिक्षकांचे कौतुक करताना 'गुस्तार' जपून वापरावे. नुसती माणूस म्हणून एखादी व्यक्ती चांगली वाटते, असे सांगायचे तर 'मे काए बिएन' हा बिनधोक प्रयोग आहे. 'काएर' म्हणजे पडणे. शब्दशः अर्थ 'मला चांगला पडतो' असा विचित्र होतो, पण वापर अगदी घरगुती आहे.

आणि ज्या 'गुस्तो'मुळे विद्यार्थ्याची फजिती होते, ते रूप निरुपयोगी आहे असे मुळीच नाही. 'ते गुस्तो?' म्हणजे 'मी तुला आवडतो का?' हा प्रश्न विचारायला तेच लागते. नाम म्हणूनही 'गुस्तो' रोज कानी पडते. नव्या माणसाची ओळख झाली की 'मूचो गुस्तो' म्हणतात, म्हणजे 'भेटून आनंद वाटला'. जेवताना कुणी आले तर ताटावरून 'गुस्ता?' असे विचारण्याची रीत आहे. 'घेणार का थोडे?' असा त्याचा भाव. आपल्याकडे जेवायला बसलेला माणूस दारात आलेल्याला 'या जेवायला' म्हणतो, त्याचीच ही लांबची बहीण.

शब्दाचे गोत्र

'गुस्तार' हा मूळचा लॅटिन शब्द. तिथे त्याचा अर्थ होता चव घेणे, चाखणे. माद्रिदच्या राजभाषा अकादमीची स्थापना १७१३ सालची. तिच्या कोशात चव घेण्याचा हा जुना अर्थ आजही नोंदलेला आहे. जुन्या स्पॅनिशमध्ये माणसाला कर्ता करून 'अमुक गोष्टीची गोडी घेणे' अशा धर्तीचा प्रयोगही बराच होता. बोलण्यात तो मागे पडला आणि 'मला आवडते' हा साचा पुढे आला.

शेजारच्या पोर्तुगीज भाषेने मात्र जुनीच वाट धरली. तोच लॅटिन शब्द तिथे 'गोश्तार' झाला, पण 'मला आंबा आवडतो' याचे पोर्तुगीज 'एउ गोश्तु द मांगा' असे आहे. त्यातला 'एउ' म्हणजे 'मी'. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज राजवट होती आणि जुन्या पिढीतल्या काही घरांत ती भाषा अजूनही बोलली जाते. अशा घरातले मूल स्पॅनिश शिकू लागले की पोर्तुगीजची सवय त्याला 'मी'कडे ओढते. पण त्याच घरातली कोंकणी 'म्हाका आंबो आवडटा' म्हणत त्याला सरळ वाटेवर आणते. आंब्याचे 'मांगा' आणि 'मांगो' हे शब्दही तिकडे गेले ते मलयाळममधून, पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या तोंडून.

लॅटिनमधल्या या शब्दाचे मूळ आणखी मागे गेले तर संस्कृतच्या 'जुष्' धातूशी जाऊन मिळते. जुष् म्हणजे आवडणे, रुची घेणे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या 'अनार्यजुष्ट' या शब्दात तो आहे. फारसीतून मराठीत रुळलेला 'दोस्त' हा शब्दही याच कुळातला. म्हणजे 'गुस्तार' आणि 'दोस्त' हे दूरचे चुलतभाऊ निघाले!

'आवडणे' या क्रियेत माणसाला चतुर्थीत ठेवण्याची रीतही आपल्याकडे फार जुनी आहे. पाणिनीने अष्टाध्यायीत 'रुच्' अर्थाच्या धातूंसाठी स्वतंत्र नियम सांगितला आहे. ज्याला आवडते, तो संप्रदान, म्हणजे देणे ज्याच्यापर्यंत पोहोचते तो. म्हणून संस्कृतात 'बालकाय फलं रोचते', मुलाला फळ आवडते. हिंदीत 'मुझे अच्छा लगता है', गुजरातीत 'मने गमे छे' आणि खाण्याच्या पदार्थासाठी 'मने भावे छे', तमिळमध्ये 'एनक्कु पिडिक्कुम'. बडोद्याचे, इंदूरचे किंवा तंजावरचे मराठी कुटुंब घरात आणि घराबाहेर अशा दोन्ही भाषांतून हाच साचा रोज वापरत असते.

गंमत म्हणजे इंग्रजीसुद्धा एकेकाळी याच पंगतीत होती. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत आजच्या 'लाइक' या क्रियापदाच्या पूर्वजाचा अर्थ 'एखाद्याला रुचणे' असाच होता आणि माणूस चतुर्थीत असे. पुढे इंग्रजीने विभक्ती गाळल्या आणि 'मला'चा 'मी' झाला. आज फेसबुकवर अंगठ्याच्या खुणेपाशी स्पॅनिश वाचकाला 'मे गुस्ता' असे शब्द दिसतात, तर आपली मुले 'मी तो फोटो लाइक केला' म्हणू लागली आहेत. बटण दाबणे ही 'मी' केलेली क्रिया खरी, पण फोटो आवडला असेल तर तो 'मला'च आवडलेला असतो.

यावरून स्पॅनिश आणि मराठी माणसांचे स्वभाव सारखे, असा निष्कर्ष कुणी काढू नये. व्याकरणाच्या साच्यावरून माणसाचे मन ओळखता येत नाही. एवढेच खरे की दोन दूरच्या भाषांनी एका अनुभवाला सारखेच कपडे शिवले आहेत आणि शिकणाऱ्याने त्याचा फायदा करून घ्यावा.

घरी सराव कसा करावा?

वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात 'कुणाला', दुसऱ्यात 'गुस्ता की गुस्तान' आणि तिसऱ्यात 'काय'. समजा, वाक्य आहे 'माझ्या आईला गाणी आवडतात'. आधी तिसरा रकाना भरावा. गाणी म्हणजे 'लास कांसिओनेस'. ती अनेक आहेत, म्हणून दुसऱ्या रकान्यात 'गुस्तान'. आता पहिला रकाना, 'आ मी माद्रे ले'. झाले वाक्य, 'आ मी माद्रे ले गुस्तान लास कांसिओनेस.' लिहिताना मागून पुढे यावे, वाचताना पुढून मागे जावे. आठ-दहा दिवसांत रकाने आखण्याची गरज उरत नाही.

दुसरा सराव तोंडी. घरातल्या प्रत्येकाची एक आवड आणि एक नावड स्पॅनिशमध्ये सांगायची. नावडीसाठी 'नो' हा शब्द 'मे' किंवा 'ले'च्या आधी येतो. 'नो मे गुस्ता', मला आवडत नाही. 'आजोबांना कारले आवडते, नातवाला आवडत नाही' एवढ्या साहित्यावर अर्धा तास मजेत जातो. वाक्य अडले तर आधी ते मराठीत नीट म्हणून पाहावे, इंग्रजीत नव्हे. 'ला' कुणाला लागला, क्रियापद कशाशी जुळले, हे मराठीत दिसले की स्पॅनिशमध्येही दिसते.

आपल्याकडे कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवरून इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य घ्यायचे, ते तपासायचे आणि मग दुसऱ्या भाषेत न्यायचे, ही ती रीत होती. आज ती जुनाट म्हणून हसण्यावारी नेली जाते. पण स्पॅनिशच्या या क्रियापदापुरते तरी तिचे काम अजून संपलेले नाही.

मराठी माध्यमातल्या मुलाला 'तुझे इंग्रजी कच्चे, तू तिसरी भाषा शिकू नकोस' असे सांगण्यापूर्वी पालकांनी आणि शिक्षकांनीही थोडा विचार करावा. त्याला इंग्रजी शिकावे लागेल, हे खरेच. पण प्रत्येक परक्या भाषेची वाट इंग्रजीच्या फाटकातूनच जाते, हे खरे नाही. 'मला आंबा आवडतो' हे वाक्य ज्याला बोलता येते, त्याला स्पॅनिशमधल्या सर्वांत छळणाऱ्या क्रियापदांपैकी एक निम्मेअधिक येतच असते. उरलेले 'ले', 'लेस' आणि 'एल', 'ला' त्याने मेहनतीने मिळवायचे.